आधी पृष्ठभाग, मग आकडा

पोरी, जुन्या अमेरिकन चांदीच्या नाण्यांचा नाद लागलाच आहे तुला, तर एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की कर. नाण्यावरचं कोरीव काम तीन कारणांनी दिसेनासं होतं. एक, हातोहाती फिरून ते झिजलेलं असतं. दोन, टाकसाळीतच ते नीट उठलेलं नसतं. तीन, नंतर कुणीतरी नाणं घासलेलं, पॉलिश केलेलं, भोक पाडलेलं किंवा दुरुस्त केलेलं असतं. झीज, ठशाचा उणेपणा आणि दुखापत, या तिघांचे हिशेब वेगळे ठेवायचे. नवशिका माणूस तिन्ही एकत्र करतो आणि ‘देवतेचे केस दिसत नाहीत, म्हणजे दर्जा फाइन’ असा निकाल देऊन मोकळा होतो. केस का दिसत नाहीत, हे आधी विचारायचं. मला हे ज्या म्हाताऱ्या अमेरिकन व्यापाऱ्याने शिकवलं, तो नाण्याचा दर्जा कधी पहिल्यांदा सांगत नसे. आधी पृष्ठभागाबद्दल बोलायचा, मग ठशाबद्दल, आणि आकडा सगळ्यात शेवटी. मीही तुला त्याच क्रमाने सांगतो.

ही नाणी कशी घडली ते माहीत नसेल तर पुढचं काहीच उमगणार नाही. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात टाकसाळ उभी राहिली. डॉलर आणि अर्धा डॉलर १७९४ पासून पडू लागले. सगळं काम माणसाच्या आणि घोड्याच्या बळावर. चांदीची पट्टी लाटायची, तिच्यातून चकत्या कापायच्या, एकेक चकती तोलायची, कडेवर अक्षरं उमटवायची आणि मग स्क्रू प्रेसमध्ये दोन ठशांच्या मध्ये दाबायची. वाफेवर चालणारा प्रेस आला तो १८३६ मध्ये. त्याआधीच्या चार दशकांत एकाच वर्षाची दोन नाणी एकसारखी निघतील याची खात्री नव्हती. ठसे हाताने जुळवलेले, ते तडकेपर्यंत आणि तडकल्यावरही वापरलेले. आजच्या नाण्यांवर तयार झालेली नजर इथे तशीच लावलीस तर निम्मी नाणी तुला झिजलेली वाटतील.

सगळ्यात ठळक उदाहरण १७९४ च्या डॉलरचं. १५ ऑक्टोबर १७९४ रोजी टाकसाळीने १,७५८ डॉलर हवाली केले. हाताशी असलेलं यंत्र एवढ्या मोठ्या नाण्याला पुरं पडणारं नव्हतं, आणि ठसेही एकमेकांना अगदी समांतर बसलेले नव्हते. त्यामुळे डाव्या बाजूचे तारे आणि तारखेची सुरुवात फिकी उमटली, आणि मागच्या बाजूलाही डावीकडचीच अक्षरं उणी राहिली. एका अंगाला बोथट आणि दुसऱ्या अंगाला टवटवीत असा १७९४ चा डॉलर दिसला तर त्याला झिजलेला म्हणू नकोस. त्याचा जन्मच तसा आहे. मोठं यंत्र १७९५ मध्ये बसलं.

आता दिवा. छताची ट्यूबलाइट बंद कर. टेबलावर एकच जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन ठेव, तोही नाण्यापासून हातभर लांब. खाली मऊ कापड पसर. नाणं कडेला दोन बोटांत धरायचं, सपाट भागाला बोट लागू द्यायचं नाही, आणि नाण्यावर तोंड नेऊन बोलायचं नाही, कारण थुंकीचा बारीक थेंब चांदीवर वर्षानुवर्षं डाग धरून बसतो. भिंग पाच ते सात पटीचं पुरे. दहा पटीचं भिंग दुरुस्ती किंवा बनावट शोधायला वापर, दर्जा ठरवायला नको. त्याखाली प्रत्येक नाणं जखमी दिसतं. आधी तर भिंगाशिवायच पाहा. नाणं तिरकं धरून दिव्याखाली हळूहळू फिरव. ठशाच्या दाबाने चांदी मधून कडेकडे सरकते, तेव्हा पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा राहतात. मूळ पृष्ठभाग शाबूत असेल तर त्या रेषांवर उजेड बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गरगर फिरतो. ही लकाकी एकदा गेली की परत आणता येत नाही. पॉलिशने येते ती चमक. ती सगळीकडे सारखी असते आणि फिरत नाही. हा फरक तुझ्या डोळ्यात बसेपर्यंत दर्ज्याचे आकडे पाठ करू नकोस.

झीज सुरू होते ती उंचवट्यांवर, आणि पहिल्यांदा आकार जात नाही, रंग बदलतो. गाल, कपाळावरचे केस, खांद्याची कड इथे लकाकी तुटते आणि मंद करडा ठिपका दिसू लागतो. तपशील अजून सगळा जागेवर असतो. हाच ‘अबाऊट अनसर्क्युलेटेड’चा टप्पा, म्हणजे १ ते ७० च्या मोजपट्टीवर ५० ते ५८. पुढे मोकळ्या जागेतली लकाकी जाते, पण ताऱ्यांच्या आसपास, अक्षरांच्या पोटात, पिसांच्या फटीत ती टिकून राहते. ४० ते ४५ च्या ‘एक्स्ट्रीमली फाइन’ नाण्यात ती अशाच आडोशांना सापडते. त्यानंतर मात्र आकार झिजायला लागतात.

कमजोर ठसा आणि झीज वेगळी ओळखायची खूण सांगतो. ही एक खूण पक्की झाली तर निम्मं काम झालं. जिथे ठसा पोहोचलाच नाही, तिथे कोऱ्या चकतीची मूळ खरखर तशीच राहते: बारीक खड्डे, लाटणीच्या रेघा, कधी कानशीच्या खुणा. झीज सगळ्यात आधी हीच खरखर पुसून टाकते. म्हणून सपाट दिसणारा भाग भिंगाखाली खरखरीत आणि लकाकीचा असेल तर ठसा उणा. गुळगुळीत आणि मंद असेल तर झीज. दुसरी खूण म्हणजे नाणं उलटून समोरची जागा पाहायची. ही नाणी वरून खाली उलटायची असतात, तेव्हा पुढच्या बाजूचा तळ मागच्या बाजूच्या माथ्यासमोर येतो आणि डावी बाजू डावीच राहते. दोन्ही ठशांचे खोल भाग समोरासमोर आले की मधली चांदी दोन्ही खोलगटांना पुरत नाही. त्यामुळे कमजोर ठसा बहुधा जोडीने दिसतो, पुढे आणि त्याच्या बरोबर मागे. झिजेला अशी जोडी लागत नाही.

ठसा स्वतः झिजला असेल तर आणखी वेगळं चित्र. जुन्या ठशातून पडलेल्या नाण्यावर ताऱ्यांची टोकं कडेकडे ओढल्यासारखी लांबतात, अक्षरांचे पाय कडेत मिसळतात, मोकळ्या जागेत तडे उमटतात. असं नाणं टाकसाळीतून निघालं त्या दिवशीही मऊच होतं. लकाकी पूर्ण असेल तर त्याला ‘मिंट स्टेट’च, म्हणजे न वापरलेलंच म्हणायचं. किंमत कमी देऊ शकतेस, दर्जा कमी करू नकोस.

आता एकच नाणं जवळून पाहू. तुझ्या हाती सगळ्यात जास्त येईल ते ‘कॅप्ड बस्ट’ अर्धा डॉलर, १८०७ ते १८३६. जर्मनीहून आलेल्या जॉन राइखने त्याची रचना केली. टोपी घातलेली, डावीकडे पाहणारी स्वातंत्र्यदेवता, टोपीच्या पट्टीवर ‘लिबर्टी’, खांद्यावर वस्त्र धरून ठेवणारा ब्रोच. मागे गरुड, त्याच्या डोक्यावर ‘ई प्लुरिबस उनम’ची फीत, खाली ‘५० सी.’. व्यास सुमारे साडेबत्तीस मिलिमीटर, वजन १३.४८ ग्रॅम, कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’. हाती घेतलंस की नजर या वाटेने ने: भुवईवरचे केस, कानावरचे केस, ब्रोच आणि त्याच्या शेजारची बट, मग वस्त्राची पुढची कड. मागे गरुडाच्या पंखांच्या वरच्या कडा, नखं, डोकं, आणि शेवटी फितीवरची अक्षरं.

डोळ्यावरच्या आणि कानावरच्या केसांवर नुसती घासल्याची छटा असेल तर ५०. ब्रोच आणि त्याच्या शेजारची बट दोन्ही धारदार, भुवई आणि केस वेगवेगळे दिसतात, तर ४०. ब्रोच स्पष्ट आहे पण बटेचा माथा झिजलाय, आणि भुवईवरचे केस ओळखू येतात, तर ‘व्हेरी फाइन’, २०. ब्रोच आणि बट यांची बाह्यरेषा नीट, पण आतला तपशील थोडाच उरलेला, तर ‘फाइन’, १२. ‘लिबर्टी’ अंधूक झालं, ब्रोच अजून दिसतो पण वरची बट जवळपास सपाट, तर ‘व्हेरी गुड’, ८. आणि मुखवटा गुळगुळीत, फक्त आकार उरलेला, पण तारीख आणि अक्षरं वाचता येतात, तर ‘गुड’, ४. त्याखाली कड अक्षरांत घुसू लागते.

यात सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे फीत. तिच्यावरची मधली अक्षरं अनेकदा गायब असतात आणि लोक लगेच दर्जा उतरवतात. नाणं उलट आणि पाहा, फितीच्या बरोबर समोर देवतेचं वस्त्र आणि ब्रोच येतो. दोन्हीकडे खोल काम, मध्ये चांदी कमी. वस्त्राच्या चुण्याही तिथे मऊ असतील आणि बाकी नाण्यावर लकाकी असेल तर तो ठशाचा दोष. फितीवरून या नाण्याचा दर्जा कधीच ठरवू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. गाल आणि कानावरचे केस जास्त खरं बोलतात.

आणखी एक. १८०४ नंतर टाकसाळीने चांदीचे डॉलर पाडणं थांबवलं, तेव्हा तीन दशकं अर्धा डॉलर हेच देशाचं सगळ्यात मोठं चालू चांदीचं नाणं होतं. बँका ते थैल्यांत भरून तिजोरीत ठेवत आणि आपापसातली देणी त्याच थैल्यांनी भागवत. बाजारात सुट्ट्या व्यवहाराला तर स्पॅनिश चांदी चालायची. १८५७ च्या कायद्यापर्यंत तिला अधिकृत मान्यता होती. म्हणून हे अर्धे डॉलर आज इतक्या चांगल्या अवस्थेत मिळतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर एक खास प्रकारची इजा दिसते: खिशातली झीज नव्हे, तर थैलीत नाण्यावर नाणं घासून गालावर आणि वस्त्राच्या कडेवर पडलेली घासल्याची हलकी खूण. बाजारात अशी खूण कधी माफ करून ‘मिंट स्टेट’चा ६१, ६२ आकडा दिला जातो, कधी ५८ वर थांबतात. या वादात पडू नकोस. सुंदर लकाकीचं, सहज घासलेलं ५८ हे ओरखड्यांनी भरलेल्या ६१ पेक्षा मला नेहमीच चांगलं वाटलं आहे, आणि ते स्वस्तही मिळतं.

डॉलरकडे वळू. ‘ड्रेप्ड बस्ट’ डॉलर १७९५ मध्ये आला. १७९८ पर्यंत मागे छोटा गरुड, १७९८ पासून ढाल घेतलेला मोठा गरुड. पहिलं नाणं घ्यायचंच झालं तर १७९८, १७९९ किंवा १८०० चं पाहा. ती वर्षं इतरांपेक्षा सहज मिळतात. इथे देवतेच्या वस्त्राच्या चुण्या वाचायला शिक. झीज डावीकडून सुरू होते. सगळ्या चुण्या दिसत असून त्यांच्यात तपशील असेल आणि केस नीट रेखलेले असतील तर ४०. डाव्या चुण्या गुळगुळीत झाल्या तर २०. चुण्यांच्या रेषा ओळखू येतात, गालाजवळ आणि मानेजवळ केसांचा थोडा तपशील उरलाय, तर १२. फक्त सगळ्यात खोल चुण्या शिल्लक, केस सपाट, तर ८. ५० च्या आसपास घासल्याची पहिली खूण कपाळाच्या डावीकडच्या केसांवर, खांद्याच्या कडेवर, आणि मागे गरुडाच्या छातीवर व पंखांच्या वरच्या कडांवर येते. गरुडाची छाती मात्र जपून वाच, तिथे ठसाही अनेकदा उणाच असतो. त्याआधीच्या ‘फ्लोइंग हेअर’ डॉलरवर छातीची पिसं तर बहुतेक नेहमीच फिकी.

डाइम, हाफ डाइम आणि क्वार्टर यांच्याबद्दल थोडक्यात. ही रोजच्या व्यवहारातली नाणी. ती खूप झिजलेलीच जास्त मिळतात, त्यामुळे त्यांच्यात चांगल्या अवस्थेला फार किंमत. १७९६ च्या क्वार्टरवर गरुडाचं डोकं बहुधा फिकं, त्याला झीज समजू नकोस.

आता कानशीचे व्रण. नवशिक्या संग्राहकाला यांची सगळ्यात जास्त भीती वाटते. कायद्याप्रमाणे डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी हवी आणि एकूण वजन ४१६ ग्रेन. चकती जड भरली तर टाकसाळीतच तिला कानस लावून जादा चांदी काढत, आणि मग ठसा मारत. त्या समांतर रेघा कधी गालावर, कधी ताऱ्यांच्या कडेला, कधी मागे गरुडावर दिसतात. ठसा मारण्याआधीच्या असल्यामुळे त्या कोरीव कामाच्या खालून जातात: ठशाच्या दाबाने रेघ मऊ होते किंवा नाहीशी होते, आणि रेघांच्या आतही लकाकी असते. नंतरचा ओरखडा कोरीव कामावरून जातो, त्याचे काठ उठलेले असतात आणि आत उघडी चांदी चमकते. व्रण दर्जा उतरवत नाहीत, नजरेला खटकले तर किंमत उतरवतात. चेहऱ्यावरून आडवे जाणारे असतील तर मी नाणं सोडतो, कडेला असतील तर तिकडे लक्षच देत नाही. चकती हलकी भरली तर उलटा उपाय करत: मधोमध चांदीचा बारीक तुकडा बसवून मग ठसा मारायचा. १७९४ आणि १७९५ च्या काही डॉलरवर तो गोल तुकडा आजही दिसतो. ती दुरुस्ती नव्हे, टाकसाळीचंच काम आहे, आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे देतात. २०१३ च्या जानेवारीत एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकल्या गेलेल्या १७९४ च्या डॉलरमध्येही असा तुकडा आहे.

साफसफाई हा सगळ्यात दुःखाचा भाग. आपल्या घरांत चांदीचं ताम्हन काळवंडलं की रांगोळी किंवा टूथपेस्ट घेऊन घासायची सवय असते. तो हात नाण्याला कधीही लावायचा नाही, हे मी तुला हात जोडून सांगतो. अमेरिकेतही पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी नाणी सोड्याने, पॉलिशने चकचकीत केली, आणि त्या पापाची फळं आजचे संग्राहक भोगताहेत. घासलेलं नाणं ओळखायचं असं: दिव्याखाली तिरकं धर, मोकळ्या जागेत एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा दिसतील. तारे आणि अक्षरांच्या आडोशाला हात पोहोचलेला नसतो, तिथे जुना गडद रंग आणि बाहेर फिकट, असा तुटक सांधा दिसतो. प्रामाणिक झिजलेल्या नाण्यात हा बदल हळूहळू होतो; उंचवटे फिकट करडे, खोलगट भाग गडद, मधे सीमारेषा नाही. २० दर्ज्याचं नाणं पांढरंफेक असेल तर ते रसायनात बुडवलेलं आहे. दोनशे वर्षं जगलेली चांदी पांढरी राहत नाही. बुडवून पुन्हा रंग चढवलेली नाणीही असतात. त्यांचा निळा-जांभळा रंग तेलकट थरासारखा वर तरंगतो आणि आडोसे-उंचवटे पाहत नाही. खरा रंग कोरीव कामाच्या आकाराने चढतो. जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममधल्या गंधकाने कडेपासून आत चढलेला रंग हा त्याचा सुंदर प्रकार.

प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात राहिल्याने हिरवट चिकट थर आला असेल तर तेवढ्यापुरता एकच उपाय मान्य आहे: शुद्ध ॲसिटोन, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, आसपास आग नसताना. त्यात नाणं ठेवायचं, काढून दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमध्ये धुवायचं, वाळू द्यायचं. चोळायचं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही.

दुरुस्त केलेलं नाणं पकडायला एक साधी कसोटी पुरते: नाण्याचा प्रत्येक भाग एकच दर्जा सांगतो की नाही? केस ४० सारखे धारदार आणि कड, अक्षरं, वस्त्र मात्र ८ चं, असं असेल तर केस नंतर कुणीतरी कोरले आहेत. भिंगाखाली त्या रेषा तळाशी टोकदार दिसतात. ठशाने उठलेल्या केसांचा तळ गोलसर असतो. एके काळी ही नाणी भोक पाडून गळ्यात घालायची पद्धत होती, म्हणून बुजवलेली भोकं फार. वरच्या काठाजवळचा एखादा तारा किंवा अक्षर थोडं वेगळ्या हाताचं वाटलं की तिथली कड पाहा, कडेवरची अक्षरं तिथेच तुटलेली असतील. मोकळी जागा अनैसर्गिक गुळगुळीत असेल तर तिथे कोरलेली नावाची अक्षरं खरवडलेली असण्याचा संभव धर.

बनावट नाण्यांसाठी तराजू जवळ ठेव. १८३७ च्या आधीच्या कायदेशीर मापाप्रमाणे डॉलर २६.९६ ग्रॅम, अर्धा १३.४८, क्वार्टर ६.७४, डाइम २.७०. खूप झिजलेलं नाणं काही दशांश ग्रॅम हलकं भरणारच. पण नवंकोरं दिसणारं नाणं हलकं भरलं तर सावध हो. पाण्यात टांगून तोललं तर घनता सुमारे १०.३ यायला हवी. आणि कड वाच. डॉलरच्या कडेवर ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’ असतं. स्वस्त नकलांवर तिथे सरळ खाचा असतात. अर्ध्या डॉलरच्या काळातलीच, त्याच पिढीच्या ठकांनी जर्मन सिल्व्हरमध्ये पाडलेली नकली नाणीही आहेत. त्यांचा अभ्यास करणारे वेगळे संग्राहक आहेत आणि त्यांच्यावर कीथ डेव्हिग्नन यांचं १९९६ चं पुस्तकही आहे. १८०४ चा डॉलर मात्र कुणी दाखवला तर हसून परत दे. ती तारीख घातलेले पहिले डॉलर १८३४ मध्ये मस्कत, सयाम अशा दरबारांना भेट देण्यासाठी पाडले गेले. सगळे प्रकार धरून सोळा अस्सल नगांची नोंद आहे आणि ते कुठे आहेत हे जगाला माहीत आहे.

आता आकड्यांबद्दल. १ ते ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी आणि किंमत काढण्यासाठी. पुढे १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने तिच्या आधारे सगळ्या नाण्यांचे निकष छापले, आणि १९८६ मध्ये पीसीजीएस व १९८७ मध्ये एनजीसी या दर्जा देणाऱ्या कंपन्यांनी नाणी प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून आकडा द्यायला सुरुवात केली. डबीचा उपयोग आहे: अस्सलपणाची ती बऱ्यापैकी हमी असते, आणि घासलेल्या नाण्याला आकडा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा मिळतो. पण एकाच ४५ आकड्याची दोन नाणी शेजारी ठेव, एक मूळ करड्या रंगाचं आणि दुसरं बुडवून पांढरं केलेलं. आकडा एकच असला तरी ती दोन वेगळी नाणी आहेत. तांब्याच्या नाण्यांचे जुने संग्राहक आधी झिजेचा आकडा ठरवतात, मग दोषांसाठी त्यातून वजा करतात. चांदीसाठीही मनातल्या मनात हेच कर. झीज ४५ ची, घासल्याबद्दल वजा, म्हणजे मी ३० चे पैसे देईन. एवढं स्वच्छ गणित व्यापाऱ्यापुढे मांडता आलं पाहिजे.

दर्जा ठरवण्याआधी नाण्याचा ठसा-प्रकार ओळखायची सवय लाव. अर्ध्या डॉलरसाठी अल ओव्हर्टन यांचा ग्रंथ, पहिली आवृत्ती १९६७. त्यात प्रत्येक ठशाच्या जोडीला क्रमांक आहे. एखाद्या जोडीची सगळीच नाणी उजव्या पंखावर फिकी पडतात हे कळलं की तू त्या फिकेपणाला झीज म्हणणार नाहीस. हे अभ्यासाचं काम कंटाळवाणं वाटेल, पण इतका खात्रीचा फायदा दुसऱ्या कशात नाही.

सराव असा करायचा: डबीवरचं लेबल कागदाने झाकायचं, दिव्याखाली नाणं फिरवायचं, पृष्ठभाग, ठसा, झीज या क्रमाने वहीत दोन ओळी लिहायच्या, मग आकडा लिहायचा, आणि मगच कागद काढायचा. फरक पडला तर कुठे पडला ते लिहून ठेवायचं. फोटोवरून हा सराव होत नाही. एका कोनातून घेतलेला फोटो घासल्याच्या रेषा सहज लपवतो. मोठ्या लिलावांआधी नाणी हातात घेऊन पाहायची मुभा असते, त्याला पैसे पडत नाहीत, बोली लावायचं बंधनही नसतं. एका दुपारी शेकडो नाणी डोळ्याखालून जातात. तू न्यू जर्सीत राहतेस, फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर तुला जवळ आहेत. बाल्टिमोरच्या नाणे-प्रदर्शनाला जा, टेबलांवर बसलेल्या जुन्या जाणत्या व्यापाऱ्यांना नम्रपणे विचार. ते मनापासून दाखवतात, फक्त त्यांच्या नाण्याला बोट लावू नकोस.

आणि तू पाठवलेल्या फोटोतल्या १७९९ च्या पांढऱ्याशुभ्र डॉलरबद्दल: घेऊ नकोस. चुण्यांचं काम ४० चं आहे, पण पृष्ठभाग गेलेला आहे. त्या पैशांत १८२० किंवा १८३० च्या दशकातला, ३० ते ४० च्या दरम्यानचा, करड्या रंगाचा, कधी न घासलेला एखादा अर्धा डॉलर घे आणि उरलेले पैसे ओव्हर्टनच्या पुस्तकाला घाल. नाणं ठरवलंस की घेण्याआधी मला एकदा दाखव.